अक्षरांवरची टिंबे

माझी थोरली बहीण जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत शिक्षिका होती. आम्ही तिला आपा म्हणत असू. मुलांच्या वह्यांचा गठ्ठा ती घरी आणायची आणि दिवेलागणीनंतर ओट्यावर बसून तपासायची. मी तिच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान. शेजारी बसून बघत राहायचो. उर्दू लिपीत टिंबांना फार किंमत असते. रेघ तीच, पण टिंब वर गेले, खाली आले, एकाची दोन झाली की अक्षर बदलते आणि शब्दाचा अर्थही बदलतो. मुले टिंबे विसरायची, आपा लाल शाईने ती देत जायची. मराठीतही काही वेगळे नाही. 'खत' या शब्दावर एक टिंब द्या, त्याची 'खंत' होते. अक्षरे तीच राहतात, वाचन बदलते.

ही गोष्ट मला चाळीस वर्षांनी पुन्हा आठवली ती एका रुग्णालयात. २०१६ साल होते. आपा नुकतीच निवृत्त झाली होती. तिला दम लागायचा, चेहरा पांढरा पडला होता. रक्त चढवले की चार दिवस बरे वाटे, मग पुन्हा तेच. शेवटी हाडातला मगज काढून तपासला आणि एक लांबलचक नाव हाती आले : मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोम. रक्त जिथे तयार होते त्या अस्थिमज्जेतल्या पेशी नीट वाढत नाहीत, अर्धवट राहतात. आणि काही रुग्णांत पुढे त्याचाच रक्ताचा कर्करोग होतो.

शेजारच्या काकू भेटायला आल्या. म्हणाल्या, "सटवीनं लिहिलेलं कुणाला चुकलंय?" आपाने ते ऐकून घेतले. पण दुसऱ्या दिवशी तिने डॉक्टरांना विचारले, "हे माझ्या रक्तात आधीपासून लिहिलेलं होतं का? माझ्या मुलांना होईल का?" डॉक्टर तरुण होते. म्हणाले, "बहुतेक नाही. हा बिघाड वाढत्या वयात तुमच्या मज्जेत झालेला आहे, आईवडिलांकडून आलेला नाही. आणि आपण जे इंजेक्शन देणार आहोत ना, ते पेशींवरच्या काही खुणा पुसतं."

खुणा पुसतं म्हणजे काय, ते मला कळले नाही. मी मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस, कविता लिहिणारा. विज्ञान शाळेतच सुटले होते. पण घरात आजार आला की माणूस वाचायला लागतो. त्या एका वाक्याचा माग काढत मी जे वाचले, त्याचीच हकीकत आज सांगणार आहे.

आपल्या शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत डीएनए नावाचा एक लांब धागा असतो. त्यावर चार अक्षरांत लिहिलेला मजकूर असतो, सुमारे तीन अब्ज अक्षरांचा. १९५३ मध्ये या धाग्याची रचना कळली आणि तेव्हापासून आनुवंशिकतेचा ग्रंथ हाती आला असे मानले जाऊ लागले. पण एक साधा प्रश्न त्याआधीपासून उभा होता. डोळ्यातल्या पेशीत, यकृतातल्या पेशीत, कातडीतल्या पेशीत मजकूर एकच. मग डोळा डोळाच का होतो आणि यकृत यकृतच का राहते?

हा प्रश्न नीट मांडणारा माणूस म्हणजे ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ कॉनरॅड वॉडिंग्टन. १९४२ मध्ये त्याने 'एपिजेनेटिक्स' हा शब्द रूढ केला. 'एपि' म्हणजे वर. जनुकांच्या वर जे काही चालते ते. आज मराठीत त्याला अधिजनुकशास्त्र म्हणतात. वॉडिंग्टनने हे समजावण्यासाठी एक चित्र वापरले. डोंगरउतारावरून एक चेंडू घरंगळत येतो आहे, खाली दऱ्या फुटत गेल्या आहेत. चेंडू एकदा एका दरीत उतरला की पुन्हा सहज वर चढत नाही. गर्भातली कोवळी पेशी हा तो चेंडू. या कल्पनेचे पहिले चित्र १९४० च्या पुस्तकासाठी जॉन पायपर या चित्रकाराने काढले होते. म्हणजे शास्त्राकडे अजून पुरावा नव्हता तेव्हा काम चित्राने भागवले.

पण दऱ्या कशाच्या बनलेल्या आहेत? याचा धागा १९४८ मध्येच एका वेगळ्या टेबलावर पडला होता. रॉलिन हॉचकिस हा संशोधक वासराच्या एका ग्रंथीतला डीएनए तपासत होता. चार अक्षरांपैकी 'सी' हे अक्षर, म्हणजे सायटोसिन, काही ठिकाणी किंचित वेगळे दिसले. त्याला एक छोटीशी पुरवणी चिकटलेली होती : एक कार्बन, तीन हायड्रोजन. रसायनशास्त्रात तिला मिथाइल म्हणतात. मी तिला टिंब म्हणतो. अक्षर 'सी'च राहते, डोक्यावर एक टिंब येते.

हे टिंब कशासाठी, हे पुढे पंचवीसेक वर्षे नीट कळले नाही. १९७५ मध्ये दोन ठिकाणी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, एकच कल्पना मांडली गेली. लंडनमध्ये रॉबिन हॉलिडे आणि त्यांचा विद्यार्थी जॉन प्यू यांनी, आणि कॅलिफोर्नियात आर्थर रिग्ज यांनी. पुढे प्रयोगशाळेत मानवी इन्सुलिन तयार करण्याच्या कामात ज्यांचा मोठा वाटा होता तेच हे रिग्ज. त्यांचे म्हणणे असे : हे टिंब म्हणजे पेशीची आठवण आहे. कोणते जनुक वाचायचे आणि कोणते गप्प ठेवायचे, हे टिंबांनी ठरते. पेशी दुभंगते तेव्हा मजकुराची नक्कल होते. आणि त्या नकलेमागून एक विकर, म्हणजे एन्झाइम, चालत येते, जुन्या प्रतीवर टिंब कुठे आहे ते बघते आणि नव्या प्रतीवर तिथेच टिंब देते. पोथी नकलून घेताना एकाने अक्षरे उतरावीत आणि दुसऱ्याने मागून येऊन अनुस्वार द्यावेत, तसे. म्हणून यकृताच्या पेशीतून यकृताचीच पेशी निघते.

हे वाचताना मला आपाची लाल शाई आठवली. फरक एवढाच, की तिच्या टिंबांनी शब्द बोलका व्हायचा. डीएनएवर जनुकाच्या सुरुवातीला अशी टिंबे दाटली की बहुधा ते जनुक गप्प होते.

कल्पना सुंदर होती, पण पुरावा? तो आला एका फसलेल्या औषधातून. १९६४ मध्ये प्रागमध्ये अलोइस पिस्काला आणि फ्रान्टिशेक शोर्म यांनी एक रसायन तयार केले, अझासायटिडीन. 'सी' अक्षरासारखेच दिसणारे, पण एका अणूचा फरक असलेले, जणू खोटे अक्षर. पेशीने ते चुकून आपल्या मजकुरात घेतले की ती मरावी, असा हिशेब होता. रक्ताच्या कर्करोगावर ते मोठ्या मात्रेत वापरून पाहिले गेले. काही रुग्णांत गुण दिसला, पण त्रासही फार झाला. कर्करोगाच्या विषारी औषधांच्या लांब यादीत ते एक नाव होऊन राहिले.

मग १९७७ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून कॉन्स्टँटिनिडिस, पीटर जोन्स आणि गेव्हर्स या तिघांनी एक चमत्कारिक निरीक्षण प्रसिद्ध केले. उंदराच्या गर्भातल्या साध्या पेशी काचेच्या बशीत वाढवून त्यांना हे औषध थोडेसे दिले होते. काही दिवसांनी बशीत स्नायूंचे तंतू दिसू लागले. नुसते दिसायला नाही, ते आकुंचन पावत होते. स्नायूच्या नसलेल्या पेशींना स्नायू होणे आठवले होते. पुढे १९८० मध्ये जोन्स आणि शर्ली टेलर यांनी लॉस एंजेलिसमधून उलगडा केला. हे खोटे अक्षर टिंब देणाऱ्या विकरालाच अडकवून ठेवते. नकलेवर टिंबे पडत नाहीत, आणि गप्प बसलेली जनुके बोलू लागतात. वॉडिंग्टनचा चेंडू दरीतून वर चढवता येतो, हे बशीत दिसले.

आता कर्करोगाकडे येऊ. १९८३ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात अँड्र्यू फाइनबर्ग आणि बर्ट व्होगेलस्टाइन या दोघा संशोधकांनी मोजक्याच रुग्णांच्या गाठी घेतल्या. प्रत्येक गाठीची तुलना त्याच रुग्णाच्या शेजारच्या निरोगी भागाशी केली. गाठीतल्या काही जनुकांवरची टिंबे मोठ्या प्रमाणात गळून गेलेली होती. मनुष्याच्या कर्करोगात अक्षरांपलीकडेही काहीतरी बिघडलेले असते, याचा हा पहिला ठोस पुरावा.

हे जॉन्स हॉपकिन्स आपल्याला अगदीच परके नाही. पुण्यात १९१७ मध्ये जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी मुंबईत डॉ. वसंत खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली पीएच.डी. केल्यानंतर तिथेच जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत काम केले होते. शरीराबाहेर, काचेत पेशी वाढवण्याच्या तंत्रात गाय यांचे नाव मोठे. रणदिवेबाईंनी ते तंत्र मुंबईच्या कर्करोग संशोधन केंद्रात आणले आणि इथे ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. याच गाय यांच्या प्रयोगशाळेत १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या गरीब कृष्णवर्णीय बाईच्या गाठीतल्या पेशी वाढल्या, त्या आज जगभरच्या प्रयोगशाळांत आहेत. त्या पेशी देताना तिला कुणी विचारले नव्हते. ही गोष्ट लक्षात असू द्या. शेवटी तिच्याकडे परत यायचे आहे.

फाइनबर्ग यांनी सांगितले की टिंबे गळतात. पुढच्या दहा-बारा वर्षांत स्टीफन बेलिन आणि इतरांनी दाखवले की कर्करोगात टिंबे वाढतातही. पेशीची बेफाम वाढ रोखणारी जी पहारेकरी जनुके असतात, त्यांच्या तोंडाशी टिंबांची दाटी होते आणि ती गप्प पडतात. पहारेकऱ्याला मारून टाकलेले नसते, त्याच्या तोंडात बोळा कोंबलेला असतो. मग खरे काय, गळती की दाटी? बरीच वर्षे या विषयात दोन बाजू होत्या. हळूहळू कळले की दोन्ही खरे आहे. साऱ्या ग्रंथभर टिंबे विरळ होतात, आणि नको तिथे नेमकी दाट होतात.

यातून त्या प्रागच्या औषधाला दुसरा जन्म मिळाला. मोठी मात्रा पेशी मारते. पण कमी मात्रेत, पुन्हा पुन्हा दिले तर टिंबे पुसली जातात. २००२ मध्ये अमेरिकेतल्या १९१ रुग्णांवरच्या चाचणीचे निकाल प्रसिद्ध झाले आणि २००४ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने आपाला झालेल्या त्याच आजारासाठी अझासायटिडीनला मान्यता दिली. तयार झाल्यापासून चाळीस वर्षांनी. २००९ मध्ये ३५८ रुग्णांच्या चाचणीत दिसले की जास्त धोक्याच्या अवस्थेतले रुग्ण नेहमीच्या उपचारांवर मध्यमानाने १५ महिने जगतात, ते या औषधावर साडेचोवीस महिने जगले. साडेनऊ महिने. बाहेरच्याला हा आकडा लहान वाटेल. घरात असा रुग्ण असेल त्याला वाटणार नाही.

ही हकीकत मी आपाला सांगितली होती. ती म्हणाली, "म्हणजे छडी म्हणून दिलं तेव्हा चाललं नाही, थोडंथोडं शिकवत दिलं तेव्हा चाललं." चौतीस वर्षे वर्गात काढलेल्या बाईचे हे उत्तर होते.

इथपर्यंतची गोष्ट परीक्षानळीची आणि बशीची आहे. यानंतर गोष्टीत वेगळी माणसे येतात. ही माणसे पेशीला हात लावत नाहीत. ती मोजतात. त्यांना संगणकीय जीवशास्त्रज्ञ म्हणतात.

त्यांची गरज का पडली ते आकड्यांतच कळते. २००३ मध्ये मानवी जनुकसंचाचे वाचन पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. ते तीन अब्ज अक्षरांचे वाचन होते, टिंबांचे नव्हते. टिंब पडू शकते अशा जागा सुमारे दोन कोटी ऐंशी लाख आहेत, आणि अक्षरे सगळीकडे सारखी असली तरी टिंबे प्रत्येक अवयवात वेगळी. २०११ च्या सुमारास साडेचार लाखांहून अधिक जागा एकदम मोजणारी काचेची पट्टी मिळू लागली. नुसत्या दहा हजार रुग्णांचे नमुने तिच्यावर मोजले तरी साडेचारशे कोटी आकडे होतात. ते डोळ्यांनी कोण वाचणार?

या माणसांपैकी राफाएल इरिझारी यांची गोष्ट मला विशेष आवडते. पोर्तो रिकोमध्ये गणिताची पदवी घेऊन ते कॅलिफोर्नियात बर्कलीला गेले. तिथे संख्याशास्त्रात त्यांनी १९९८ मध्ये प्रबंध लिहिला तो जीवशास्त्रावर नव्हे, संगीतावर. वाद्यातून निघणाऱ्या ध्वनीत नेमका सूर कोणता आणि गोंगाट कोणता, हे गणिताने कसे वेगळे करायचे, हा त्याचा विषय. मग ते जॉन्स हॉपकिन्समध्ये आले आणि तेच कौशल्य जनुकांच्या मोजणीकडे वळवले. तिथेही प्रश्न तोच होता. यंत्र कधीच शुद्ध आकडा देत नाही. सोमवारी मोजलेले नमुने आणि गुरुवारी मोजलेले नमुने यांत फरक पडतो. रसायनाची बाटली बदलली की पडतो. कर्करोगाचे नमुने एका दिवशी आणि निरोगी नमुने दुसऱ्या दिवशी मोजले, तर वाराचा फरक रोगाचा फरक म्हणून छापला जाऊ शकतो. हा धोका किती पसरलेला आहे, हे इरिझारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सांगितले. तंबोरा नीट लागलेला नसेल तर गाणाऱ्याचा गळा कसा तपासणार?

फाइनबर्ग आणि इरिझारी यांनी एकत्र काम सुरू केले. जनुकसंचात टिंब पडू शकणाऱ्या जागा काही ठिकाणी एकत्र गर्दी करून असतात. त्यांना शास्त्रज्ञ बेटे म्हणतात. तोपर्यंत बहुतेकांचे लक्ष या बेटांवरच होते. यंत्रेही त्यांच्यावर रोखलेली. इरिझारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधीच ठरवून ठेवलेल्या जागा सोडल्या आणि मोजणीची पद्धत अशी आखली की आजूबाजूचा प्रदेशही दिसावा. २००९ मध्ये त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. आतड्याच्या कर्करोगात टिंबांचे बहुतेक फेरफार बेटांवर नव्हतेच. ते बेटांच्या किनाऱ्यावर होते, दोन हजार अक्षरांच्या अंतरापर्यंत. आणखी एक गोष्ट दिसली. यकृत आणि मेंदू यांच्यात निरोगी अवस्थेत जिथे फरक असतो, कर्करोगातले फेरफार मोठ्या प्रमाणात त्याच जागी होते. म्हणजे ज्या खुणांनी अवयवाला त्याची ओळख दिलेली असते, त्याच खुणा ढळतात.

आणि मग २०११ चे काम. माझ्या मते या साऱ्या इतिहासातला हा सर्वांत देखणा क्षण आहे. कॅस्पर हॅन्सन हे तरुण संख्याशास्त्रज्ञ त्यात पुढे होते. आतडे, फुप्फुस, स्तन, थायरॉइड आणि मुलांमध्ये होणारा मूत्रपिंडाचा एक कर्करोग, असे पाच प्रकार त्यांनी तपासले. तोपर्यंत साधारण रीत अशी होती : निरोगी नमुन्यांची सरासरी काढायची, कर्करोगाच्या नमुन्यांची काढायची आणि दोहोंतला फरक बघायचा. या मंडळींनी सरासरीच्या पलीकडे पाहिले. समजा एका जागी निरोगी माणसांत शंभरातल्या ऐंशी प्रतींवर टिंब आहे. एकात ऐंशी, दुसऱ्यात एकोणऐंशी, तिसऱ्यात ब्याऐंशी. कर्करोगात त्याच जागी एकाचा आकडा वीस, दुसऱ्याचा साठ, तिसऱ्याचा पंच्याऐंशी. सरासरी काढली की हा गोंधळ तिच्या पोटात दडून जातो. पण रोगाची खूण त्या गोंधळातच होती. कर्करोग म्हणजे ठरावीक जागी ठरावीक चूक, असे नव्हते. शिस्तच सैल झाली होती. निरोगी आतडी एकमेकांसारखी असतात. गाठी मात्र प्रत्येकीच्या तऱ्हेने बिघडलेल्या, आणि ही सैलावण्याची जागा पाचही कर्करोगांत पुष्कळशी एकच.

भजनी मंडळात एक जण बेसूर झाला तर ओळखू येतो. पण सगळेच आपापल्या पट्टीत गाऊ लागले तर? सरासरी पट्टी कदाचित बरोबर निघेल, भजन मात्र राहणार नाही. संगीतावर प्रबंध लिहिलेला माणूस या कामात होता, याचे मला नवल वाटत नाही.

एकाच औषधाने एक रुग्ण बरा होतो आणि दुसरा होत नाही, गाठ मध्येच औषधाला दाद देईनाशी होते, याचे एक कारण या सैलपणात असावे, असा विचार त्यातून पुढे आला. ज्या गाठीत पेशीपेशीगणिक खुणा वेगळ्या, तिच्यात औषधातून निसटणारी एखादी पेशी असण्याचा संभव जास्त.

मोजणाऱ्यांचे काम रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचले का? पोहोचले. मेंदूच्या गाठींचे उदाहरण घ्या. या गाठी शंभराच्या आसपास प्रकारच्या, सूक्ष्मदर्शकाखाली एकमेकींसारख्या दिसणाऱ्या. दोन अनुभवी डॉक्टर एकाच काचपट्टीला दोन नावे देऊ शकतात, आणि नाव चुकले तर उपचार चुकतात. जर्मनीत हायडेलबर्गच्या संशोधकांनी जगभरातून २,८०१ नमुने जमवले आणि त्यांच्यावरच्या टिंबांची नक्षी संगणकाला शिकवली. २०१८ मध्ये त्यांनी निकाल मांडला. संगणक ८२ प्रकारच्या गाठी ओळखत होता. नव्याने आलेल्या १,१०४ रुग्णांवर तो पडताळून पाहिला तेव्हा जवळजवळ १२ टक्के रुग्णांचे आधीचे निदान बदलावे लागले. म्हणजे शंभरातले बारा जण. ही पद्धत त्यांनी इतरांनाही वापरता येईल अशी खुली ठेवली. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या मेंदूच्या गाठींच्या वर्गीकरणातही टिंबांच्या नक्षीला स्थान मिळाले.

त्याआधी २००५ मध्ये मेंदूच्या सर्वांत वाईट गाठीबद्दल असेच एक काम झाले होते. एमजीएमटी नावाचे जनुक औषधाने केलेली मोडतोड दुरुस्त करते. त्यावर टिंबे दाटून ते गप्प असेल, तर टेमोझोलोमाइड हे औषध अधिक लागू पडते. इथे टिंबांची दाटी रुग्णाच्या बाजूने उभी राहते. २०१४ मध्ये तर अमेरिकेत आतड्याच्या कर्करोगासाठी शौचाची अशी चाचणी मान्य झाली, की जी इतर खुणांबरोबर दोन जनुकांवरची टिंबेही शोधते.

हे सगळे ऐकून कुणाला वाटेल, आता अक्षरांचे काही चालत नाही, सारा खेळ टिंबांचा. तसे नाही. २००९ आणि २०१० मध्ये कळले की रक्ताच्या काही आजारांत टिंब देणाऱ्या आणि टिंब पुसणाऱ्या विकरांची जनुकेच बिघडलेली असतात. म्हणजे अक्षरातली चूक टिंबांची शिस्त मोडते. दोन्ही एकमेकांत गुंतलेले आहे. अझासायटिडीन नेमके टिंबे पुसून गुण देते की आणखी कुठल्या वाटेने, यावरही अजून चर्चा चालू आहे. कुणी 'अमुक खा, तमुक करा, जनुकांवरच्या खुणा बदलतील' असे सांगून काही विकायला आले तर या इतिहासाचा आधार त्यांना मिळत नाही, हेही सांगून ठेवतो. इथे एकेक पाऊल टाकायला दहा-दहा वर्षे लागलेली आहेत.

आपाला ते इंजेक्शन महिन्यातले सात दिवस दिले जायचे. चौथ्या महिन्यानंतर तिला रक्त चढवावे लागेनासे झाले. दीड वर्ष ती बरी राहिली. त्या दीड वर्षात तिने नातीला उर्दू लिहायला शिकवले. मग औषध लागू पडेनासे झाले, आणि २०१८ च्या पावसाळ्यात ती गेली.

तिच्या प्रश्नाचे उत्तर मी पूर्ण देऊ शकलो नाही. 'लिहिलेलं होतं का?' याला काकूंनी दिलेले उत्तर सोपे होते. मला जे सापडले ते असे, की लिहिलेल्यावर आयुष्यभर कुणीतरी टिंबे देत आणि पुसत असते. त्यात चुका होतात, वय वाढेल तशा वाढतात. त्यातल्या काही माणसाच्या दोषाने होत नाहीत आणि काही पुसता येतात. एवढेच. पण आजारी माणसाच्या मनातून 'माझंच काहीतरी चुकलं' हे ओझे उतरायला एवढे पुरते.

आणि आता ती लक्षात ठेवायला सांगितलेली गोष्ट. २,८०१ नमुने म्हणजे २,८०१ आकडे नव्हेत. कुणाच्या तरी डोक्यातून काढलेल्या त्या गाठी आहेत. अमेरिकेत २००६ ते २०१८ या काळात कर्करोगाच्या जनुकसंचाचा एक मोठा नकाशा तयार झाला, त्यात ३३ प्रकारच्या कर्करोगांचे ११ हजारांहून अधिक रुग्ण आहेत. त्यातले कितीतरी जण आज हयात नाहीत. त्यांची नावे कुठे छापली जात नाहीत, छापूही नयेत. पण मोजणारा कितीही हुशार असला तरी त्याला मोजायला काहीतरी कुणीतरी दिलेले असते. १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्सला कुणी विचारले नाही. आता विचारतात.

आपालाही विचारले होते. तपासणीतून उरलेला मज्जेचा नमुना संशोधनासाठी ठेवायचा का, असा मराठीत छापलेला कागद तिच्यापुढे आला. तिने चष्मा लावून तो सगळा वाचला. मी म्हटले, "आपा, तुला पटत नसेल तर सही करू नको." ती काही बोलली नाही. कागदावर एके ठिकाणी 'सशोधन' असे छापले होते. तिने परिचारिकेकडून पेन मागून घेतले, आधी 'स'वर टिंब दिले आणि मग खाली सही केली.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)